पुसलेल्या ओळी

"घरात कुणाला शुगर?"

"आईला होती. शेवटी शेवटी."

"बीपी?"

"अण्णांना आहे. वडिलांना."

"हार्टचं काय?"

"नाही."

काउंटरवरची मुलगी प्रश्न मला विचारत होती आणि मधूनमधून शेजारच्या मुलीशी डब्यातल्या भाजीबद्दल बोलत होती. पाच-सहा प्रश्न झाल्यावर तिला कंटाळा आला. तिनं 'नो'च्या रकान्यावर पेन टेकवलं आणि वरून खाली एकच सरळ रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ खाली सरकत असताना एका ओळीत मला 'थायरॉईड' हा शब्द दिसला.

"थांबा, थांबा. माझ्या आईला थायरॉईड होता. ऑपरेशन झालं होतं."

"थायरॉईड काय ओ मॅडम, सगळ्यांनाच असतोय आता," ती म्हणाली. "मला पण हाय. माझ्या सासूला पण हाय."

रेघ तळाला पोचली. मी सही केली.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. हातात आलेला छापील कागद वाचल्याशिवाय मी सहसा खाली ठेवत नाही. तो फॉर्म मात्र मी वाचला नाही.

सांगलीत विश्रामबागेच्या अंगाला, फरसाणाच्या एका दुकानावर 'तनुश्री वेलनेस' नावाचं हे सेंटर होतं. जिना चढताना खालून तळणीचा वास यायचा आणि भिंतीवर जाड बायका आणि त्याच बायका बारीक झाल्यावर, असे जोडीजोडीचे फोटो लावलेले असायचे. डॉक्टर पुण्याला असत; इथे ते पडद्यावर भेटत. त्यांनी माझं वजन विचारलं, मी चौऱ्याण्णव सांगितलं, ते म्हणाले, "करू आपण कमी." मग त्याच मुलीनं पेनासारखं दिसणारं एक इंजेक्शन माझ्या पोटावर टोचलं. आठवड्यातून एकदा घ्यायचं. भूकच लागत नाही, म्हणाली.

बारीक दिसायची हौस मला कधीच नव्हती. मी घाबरले होते. आईला जाऊन अकरा महिने झाले होते. एकसष्टाव्या वर्षी ती गेली, आणि भेटायला आलेलं प्रत्येक माणूस एकच म्हणालं, वजनानं गेली बिचारी. खरं तर शेवटच्या चार महिन्यांत ती निम्मी झाली होती. तरी लोक म्हणाले, आणि अण्णाही मान हलवत राहिले, "हो, वजन फार होतं, त्यात थायरॉईड." दिवाळीत मी तिची एक साडी नेसायला काढली. तिचा ब्लाउज मला कुठेही न उसवता, न टाचता बसला. मी छत्तीस वर्षांची होते, चंदना सात वर्षांची. मी हिशेब केला की असंच चाललं तर ती बत्तीसची होईल तेव्हा मी नसेन. दुसऱ्याच दिवशी मी वजनाचं औषध देणारं क्लिनिक शोधायला लागले आणि घराजवळचं पहिलं जे सापडलं त्याचा जिना चढले.

दुसरं इंजेक्शन झालं आणि तिसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा टिकेना. एका सकाळी चंदनाला शाळेसाठी उठवायला गेले, पांघरूण ओढलं आणि हाक मारली. आवाज बाहेर पडला तो माझा नव्हता. घोगरा, मधेच फाटणारा, आईचा शेवटच्या वर्षातला.

चंदना डोळे मिटूनच म्हणाली, "आजी?"

मी पलंगाच्या कडेला बसले. चंदनानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

सेंटरला फोन केला तर ती मुलगी म्हणाली, "नॉर्मल आहे मॅडम. ताक घ्या थोडं थोडं." माझ्या नवऱ्यानं, सन्मतीनं, माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाला, "ताक कसलं घेतेस? नीट डॉक्टर बघ कुणीतरी." कॉलेजातल्या मैत्रिणीनं मिरजेतलं एक नाव दिलं. डॉक्टर शिकलगार, ग्रंथींच्या आजारांच्या. साधी खोली, बाहेर लाकडी बाकं, भिंतीवर फोटो नाहीत. बाई चाळिशीच्या होत्या. बोलणं तुटक, पण बघणं नीट.

"वजनाचं औषध मीही देते," त्या म्हणाल्या. "आधी घरचं सांगा. आई कशानं गेल्या?"

"वजन होतं. आणि थायरॉईड."

"थायरॉईडनं माणूस जात नाही सहसा. ऑपरेशन झालेलं?"

"हो. मुंबईला."

"मुंबईला? अहो, अख्खा महाराष्ट्र ऑपरेशनला मिरजेला येतो. तुम्ही मिरज सोडून साध्या थायरॉईडला मुंबईला?"

मला तो प्रश्न दोन वर्षांत एकदाही पडला नव्हता.

"छेद केवढा होता?"

मी बोटानं दाखवला. गळ्याच्या खळगीपासून सुरू करून कानाच्या पाळीखालपर्यंत. बोट कानाशी पोचलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आईला जुलाब व्हायचे का? बरेच महिने?"

"दोन वर्षं." मला कळेना यांना कसं माहीत. "आम्ही दूध बंद केलं, मग गहू बंद केला. कशानं थांबले नाहीत."

"चेहरा एकदम लाल व्हायचा? उन्हात न जाताही?"

"व्हायचा. आम्ही तिला चिडवायचो, कुणावर रागावलीस म्हणून."

"आवाज?"

मी तोंड उघडलं आणि त्या फाटक्या आवाजात एवढंच म्हणाले, "असा."

डॉक्टर शिकलगारांनी हात पुढे केला. मी पिशवीतून ते इंजेक्शनचं पेन काढून दिलं. त्यांनी ते आपल्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

"हे आजपासून बंद. आवाज बहुतेक उलट्यांनी बसलाय, त्याला घाबरू नका. पण आईचे कागद बघितल्याशिवाय मी तुम्हाला एक गोळी लिहून देणार नाही."

"कसली शंका आहे तुम्हाला?"

"कागद आणा, मग बोलू. भावंडं किती?"

"एक बहीण. धाकटी."

"मुलं?"

"एक मुलगी. सात वर्षांची. का?"

त्यांनी माझ्या केसपेपरवर माझ्या नावाखाली 'बहीण' लिहिलं, त्याखाली 'मुलगी, वय ७' लिहिलं आणि दोन्हींभोवती एकेक गोल काढला. कशासाठी ते सांगितलं नाही, आणि पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही.

मिरजेहून मी घरी न जाता थेट गावभागात अण्णांकडे गेले. अण्णा हायस्कुलात क्लार्क होते, चाळीस वर्षं. शाळेत नि गावात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. ते दारातच पेपर वाचत बसले होते.

"आलीस काय," म्हणाले. "बस. चहा टाकतो."

"अण्णा, आईची फाइल पाहिजे."

पेपर खाली आला. "आवाजाला काय झालं ग तुझ्या?"

"बसलाय. फाइल पाहिजे. मुंबईची."

"गेली असंल बघ रद्दीत."

"तुम्ही शहात्तर सालची लाइटबिलं ठेवलीत."

"मग लाइटबिलं घेऊन जा."

मी हसले नाही. अण्णांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं, मग उठून आत गेले. कपाटाचं दार वाजलं. बराच वेळ काहीच वाजलं नाही. मी मधल्या घराच्या उंबऱ्यात उभी राहून वाट बघत होते, आणि मला एवढंच कळत होतं की साध्या थायरॉईडची फाइल काढायला इतका वेळ लागत नाही.

ते फाइल घेऊन आले, शाळेची असते तशी, लाल फितीनं बांधलेली. मी गाठ सोडली. कागद तारखेप्रमाणे लावलेले होते. पहिल्या पानावर नाव, सुमती आदगोंडा मगदूम, वय एकोणसाठ, आणि त्याखाली जिथे आजाराचं नाव असतं तिथे एक पांढरा पट्टा. दुसऱ्या पानावर दोन पट्टे. तिसऱ्यावर तीन. मी पानं उलटत गेले. कुठे एक शब्द, कुठे अर्धी ओळ, व्हाइटनरनं झाकलेली. कुठे ओघळ नाही, कडेचं अक्षर झाकलेलं नाही. जन्मभर दाखल्यांवर नि हजेरीपटावर बसलेला हात.

"हे काय आहे, अण्णा?"

"तिला इंग्रजी वाचता येत होतं," अण्णा म्हणाले. "तीच पंचाईत होती."

ते खुर्चीत बसले. मग सांगायला लागले, माझ्याकडे न बघता, पेपराची घडी पुन्हा पुन्हा मोडत. मुंबईत दोघं धर्मशाळेत उतरले होते. रिपोर्ट मिळाला की अण्णा तिला म्हणायचे, तू हो पुढे, मी चहा पिऊन येतो. चहाच्या टपरीवर बाकड्यावर कागद ठेवायचे, बाटली काढायची, शब्द शोधायचा, ब्रश फिरवायचा. फुंकर मारून वाळवायचं आणि मग वर खोलीत घेऊन जायचं.

"आईनं विचारलं नाही?"

"विचारलं की. म्हटलं, टायपिंगच्या चुका हायत, त्यांनीच खोडल्यात."

"आणि तिनं मानलं?"

"म्हणाली, एवढं मोठं हॉस्पिटल आणि पानापानाला चुका? तुमच्या शाळेतला टायपिस्ट बरा म्हणायचा." अण्णा किंचित हसल्यासारखे झाले. "मानलं का नाही, देवाला माहीत. परत विचारलं नाही."

"काय झालं होतं तिला?"

"तेच."

"तेच म्हणजे काय?"

अण्णा उठले आणि शेजाऱ्यांकडची खिडकी लावून आले. "मोठा आजार," खालच्या आवाजात म्हणाले.

"नाव घ्या ना."

"नाव घेऊन काय करायचंय आता? ती गेली." मग जरा थांबून, "दोन शब्द असायचे. एक तो. आणि त्याच्या आधी अजून एक, लांबलचक. त्याच्यावर दोनदा ब्रश फिरवायला लागायचा."

मी शेवटचं पान काढलं. मुंबईहून सोडलं त्या दिवसाचं. तळाशी डॉक्टरांच्या सहीच्या वर दोन पूर्ण ओळी पांढऱ्या होत्या. एक शब्द नव्हे, दोन अख्ख्या ओळी.

"इथं काय होतं?"

अण्णा पेपराची घडी मोडत राहिले.

"अण्णा, इथं एवढं काय लिहिलं होतं?"

"मुलींची तपासणी करून घ्या, असं होतं."

"कुठल्या मुलींची?"

"आता कुठल्या म्हणजे? तुमची. तुझी नि त्रिशूची."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. शेवटी ती चालू होऊन निघून गेली.

"त्रिशूचं ठरत होतं ग, राजू," अण्णा म्हणाले. "जयसिंगपूरची माणसं. खोदून खोदून विचारणारी. आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा विचारलं त्यांनी. त्यात हे कळलं असतं तर संपलंच. म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांगू. लग्न झालं, तर ही गेली. मग म्हटलं, चार महिने जाऊ देत. आणि तू तर..."

"मी काय?"

"तू चांगली अंगानं भरलेली होतीस. मला वाटलं, हिला कशाला काय होतंय."

मी फाइल बांधली. फीत नीट बांधता येत नव्हती. अण्णा उठले आणि त्यांनी ती गाठ मारून दिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शिकलगारांनी एकेक पान उलटं करून एक्स-रे बघायच्या दिव्यावर धरलं. पांढऱ्या पट्ट्यामागून करडी अक्षरं वर आली, उलटी. त्यांनी पान सुलटं केलं, डोळे बारीक केले, आणि लहान मुलासारखं एकेक अक्षर जुळवलं.

"मेड्युलरी," त्या म्हणाल्या. "मेड्युलरी कार्सिनोमा. थायरॉईडचाच कॅन्सर, पण त्यातला दुर्मीळ प्रकार."

मग त्यांनी सांगितलं. हा प्रत्येक वेळी घरात उतरत नाही. चारातल्या एखाद्या घरात उतरतो, आणि उतरतो त्या घरात दर मुलाला अर्धी अर्धी शक्यता. ज्याच्या घरात हा आहे त्याला ते वजनाचं इंजेक्शन द्यायचं नसतं. फॉर्मवर तो प्रश्न असतो तो त्यासाठीच.

"त्यांनी विचारला होता ना तुम्हाला?"

"रेघ ओढली त्यांनी."

उठून त्यांनी स्वतःच माझं रक्त काढलं. मग गळ्यावर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, गिळा. मी गिळलं. परत गिळा. मी परत गिळलं. चौथ्यांदा म्हणाल्या तेव्हा माझ्या तोंडात गिळायला काही उरलं नव्हतं.

रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी काय केलं ते आठवतं, पण सलग आठवत नाही. पुस्तकं देता-घेताना माझा डावा हात गळ्याशी असायचा. एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, घसा दुखतोय काय?" मी हात काढला, थोड्या वेळानं तो परत तिथेच होता. चंदनाच्या वेण्या घालताना मी तिची मान मागे करायला लावायची आणि गळ्यावरून बोटं फिरवायची. "आई, गुदगुल्या होतात," ती हसायची. मी म्हणायची, गप्प बस, हलू नकोस. एकदा मी इतकी ओरडले की ती रडली आणि वेणी अर्धवट सोडून बापाकडे गेली. सन्मतीनं ती वेणी जमेल तशी घातली आणि मुलीला वाकड्या वेणीनं शाळेत सोडून आला.

रिपोर्टात या आजाराचा आकडा जास्त निघाला. भरमसाट नव्हे, पण जास्त. सोनोग्राफीत डाव्या बाजूला सहा मिलिमीटरची गाठ दिसली.

"ऑपरेशन करायचं. पूर्ण ग्रंथी काढायची," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्ही वेळेत आलात. वजन कमी करायचं डोक्यात आलं नसतं तर अजून पाच वर्षांनी आला असतात, आणि तेव्हा मी असं बोलत नसते. आता हा घरातून उतरलाय का ते रक्तात बघायचं, तुमच्या, बहिणीच्या आणि मुलीच्या. मुलीचं लगेच. लहान वयात कळलं तर आजार व्हायच्या आधी ग्रंथी काढता येते."

मी अण्णांना सांगायला गेले तेव्हा ते गहू निवडत होते. हातातलं ताट त्यांनी सावकाश खाली ठेवलं. बराच वेळ तोंडावरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, चुकलं म्हणतील. ते म्हणाले,

"करून घे ऑपरेशन. कुणी विचारलं तर थायरॉईडचं म्हणून सांगू."

मी उभीच होते.

"आणि त्रिशू?"

"तिला इतक्यात नको. वर्ष-सव्वा वर्षच झालंय लग्नाला. तिकडच्यांना कळलं तर पोरीला जगू देणार नाहीत."

"आणि नाही कळलं तर जगेल?"

"असं तोडून बोलू नकोस ग."

"अण्णा, तुम्ही आईला काही कळू दिलं नाहीत. ती भोळी होती म्हणा, शहाणी होती म्हणा, तिनं सोसलं. मी सोसणार नाही. त्रिशूला तुम्ही सांगताय का मी सांगू?"

"तू आईसारखी बोलायला लागलीस."

"आवाज बसलाय म्हणून."

आवाज तोवर केव्हाच सुटला होता. अण्णांनाही ते ऐकू येत होतं. ते उठून आत गेले. जाताना म्हणाले, "मला दोन दिवस दे."

दोन दिवसांनी नाही, त्याच संध्याकाळी त्रिशलाचा फोन आला. "ताई, अण्णा काय बोलतायत ग? म्हणाले, शनिवारी ये, रक्त तपासायचंय. कशाचं म्हटलं तर म्हणाले, आल्यावर सांगतो. ते रडत होते काय? मी कधी ऐकलं नाही त्यांना तसं. मला फार भीती वाटतेय." मी तिला सगळं सांगायला लागले. मग ती म्हणाली, "सासूबाई समोर येऊन बसल्यात. मी फक्त हो-हो म्हणते. तू बोलत राहा." मी बोलत राहिले आणि ती हो-हो म्हणत राहिली.

त्या तपासण्यांत काय निघालं ते आधीच सांगून टाकते. माझ्या रक्तात आजार घरातून उतरल्याची खूण होती. त्रिशलाच्या नव्हती. चंदनाच्या होती. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची ग्रंथी काढली. तिला रोज सकाळी एक गोळी घ्यावी लागते, मलाही, आणि आता ती तेरा वर्षांची आहे. माझं वजन अजून तेवढंच आहे.

पण त्या शनिवारी यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. सांगलीतली ती लॅब सकाळी आठलाच भरून गेली होती. उपाशीपोटी आलेली माणसं, कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळ्यांची तोंडं काउंटरकडे. त्रिशला जयसिंगपुराहून एकटीच आली होती, अण्णांना बरं नाही म्हणून सांगून. चंदना माझ्या मांडीवर होती, तिला मी इतकी घट्ट धरली होती की ती दोनदा म्हणाली, "आई, सोड की." अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फॉर्म त्यांनीच घेतले, तिघींचेही, आणि रांगेत जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, मी भरते. ते म्हणाले, "आयुष्यभर तेवढंच केलंय. बस."

मी त्यांच्यामागे जरा अंतरावर जाऊन उभी राहिले. फॉर्मवर एक रकाना रिकामा होता. सगळं भरलं होतं, तेवढा एक सोडून. काउंटरवरच्या मुलीनं तो बघितला.

"काका, घरात कुणाला काय आजार, ते राहिलं बघा."

अण्णा काहीतरी पुटपुटले.

"काय?"

अण्णांनी मागे पाहिलं. रांगेत त्यांच्यामागे तिसरे खोत होते, आमराईत रोज सकाळी अण्णांबरोबर फिरणारे. त्यांच्यामागे गल्लीतल्या दोन बायका. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी काउंटरची कड धरली. मला वाटलं, आता म्हणतील, थायरॉईड. मी पुढे व्हायला पाऊल उचललं.

"काका, जरा मोठ्यानं सांगा. पंख्याचा आवाज आहे."

"कॅन्सर," अण्णा म्हणाले. इतक्या मोठ्यानं की पलीकडे रक्त काढणाऱ्या माणसानंही मान वर केली. "माझ्या बायकोला. सुमतीला. थायरॉईडचा कॅन्सर. मेड्युलरी. लिहा, सांगतो." आणि त्यांनी तो लांबलचक शब्द एकेक अक्षर करून तिला सांगितला, कुठेही न अडखळता.

त्रिशला माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं माझा दंड धरला. गल्लीतल्या बायकांपैकी एकीनं दुसरीकडे पाहिलं. काउंटरवरच्या मुलीनं लिहून घेतलं, तीन शिक्के मारले, कागद परत दिले आणि म्हणाली, "बसा काका, नंबर येईल."

अण्णा आमच्या ओळीत टोकाच्या खुर्चीवर येऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. समोर बघत राहिले.

खोत रांग सोडून आले. अण्णांसमोर उभे राहिले. अण्णांनी मान वर केली नाही.

"भाऊसाहेब," खोत म्हणाले.

"बोला."

"आमच्या हिलाही तेच होतं, वैजयंताला. छातीचा." खोतांचा आवाज एवढा हळू होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "आम्ही सगळ्यांना पोटातला अल्सर सांगितला. चार वर्षं झाली."

अण्णांनी आता वर पाहिलं.

"मुलींना ठाऊक आहे?"

खोतांनी मान हलवली. नाही.

"दोघी ना तुम्हाला?"

"दोघी. एक नाशिकला, एक पुण्याला."

अण्णांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा इथं," ते म्हणाले. "फोन हाय काय जवळ?"